यंत्र मोकळे, तरी रांग हलेना

२०१७ साली ब्रूस डॉसन यांच्या टेबलावर जे यंत्र होते, त्याचा कोणत्याही प्रोग्रामरला हेवा वाटला असता. प्रोसेसरला २४ कोअर, आणि प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळणारा, म्हणजे विंडोज १० च्या हिशेबाने ४८ कामकरी. ६४ जीबी रॅम. वेगवान एसएसडी. डॉसन गूगलमध्ये क्रोम ब्राउझरवर काम करीत होते, आणि क्रोमसारखा अवाढव्य प्रोग्राम पुन्हा पुन्हा बांधून काढायचा तर असेच यंत्र लागते. तरीही बांधणी चालू असताना माउस हलवला की पडद्यावरचा बाण अडखळायचा. कधी कधी तर तो काही सेकंद जागच्या जागी गोठून राहायचा.

संगणक मंदावला की पहिला संशय कामाच्या ओझ्यावर जातो. डॉसन यांनी आकडे पाहिले, तेव्हा ओझे कुठेच दिसेना. प्रोसेसर निम्मा रिकामा. रॅम निम्मीही भरलेली नाही. डिस्क जवळपास स्वस्थ. रुग्णाला दोन पायऱ्या चढताना धाप लागावी आणि एक्स-रे, रक्त, ईसीजी असे सगळे अहवाल मात्र ‘नॉर्मल’ यावेत, तसा हा प्रकार. असे रुग्ण डॉक्टरांच्या परिचयाचे असतात, आणि त्यांच्या बाबतीत होणाऱ्या दोन चुकाही. एक म्हणजे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवणे, आणि दुसरी म्हणजे अंदाजाने औषध देणे. संगणकाच्या दुनियेत या दुसऱ्या चुकीला ‘रॅम वाढवून घ्या’ असे म्हणतात.

डॉसन यांनी दोन्ही टाळल्या. त्यांनी जे केले ते त्याच वर्षी जुलैत सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. विंडोजच्या पोटात दडलेला एक दोष त्यातून उघड झाला. पण त्या दोषापेक्षा तो शोधण्याची पद्धत जास्त कामाची आहे. घरातला आठ जीबी रॅमचा लॅपटॉप जेव्हा असाच गुदमरतो, तेव्हाही ती तशीच्या तशी लागू पडते.

आधी ही ‘बांधणी’ काय असते ते पाहू. प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येते. प्रोसेसरला मात्र आकड्यांतले अगदी प्राथमिक हुकूमच कळतात. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याला कंपाइल करणे म्हणतात, आणि ते करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर. मोठा प्रोग्राम एका फाइलमध्ये मावत नाही, तो हजारो फाइलींत विभागलेला असतो. सी प्लस प्लससारख्या भाषेत प्रत्येक फाइलसाठी कंपायलर नव्याने सुरू होतो, आपली एक फाइल उरकतो आणि बंद होतो. चालू असलेल्या प्रोग्रामच्या अशा एकेका प्रतीला प्रोसेस म्हणतात. बांधणी चालू असताना संगणकावर हजारो प्रोसेस जन्माला येतात, काही सेकंद जगतात आणि मरतात. शेवटी लिंकर नावाचा प्रोग्राम सगळे तुकडे जोडून एक अखंड प्रोग्राम तयार करतो.

‘कंपाइल होतंय’ ही आयटी कंपन्यांत चहाला जाण्याची जुनी आणि सर्वमान्य सबब आहे. तिच्यातली गंमत सोडली तर मागे एक खरे दुखणे आहे. प्रोग्रामर एक ओळ बदलतो, बांधणी करतो, चालवून पाहतो आणि पुन्हा बदलतो. दिवसातून वीस-तीस वेळा हे चक्र फिरते. बांधणीला अर्धा मिनिट लागले तर डोक्यातला विचार टिकून राहतो. वीस मिनिटे लागली आणि त्या वेळात साधा ई-मेलही लिहिता येत नसेल, तर दिवसाचे काम आठवड्यावर जाते. हे दुखणे नव्या यंत्राने बरे होईल असे समजून कंपन्या पैसा ओततात. डॉसन यांच्या बाबतीत तो ओतून झालेला होता.

हृदयरोगाची शंका असली की डॉक्टर रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, कारण बसल्या जागी न दिसणारा दोष ताण दिला की दिसतो. कंपाइल करणे ही संगणकाची ट्रेडमिल आहे. सिनेमा पाहताना किंवा पत्र लिहिताना यंत्राचा एखादाच भाग राबत असतो. बांधणीच्या वेळी मात्र प्रोसेसरचे सगळे कोअर, रॅम, डिस्क, फाइलींची व्यवस्था आणि प्रोसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा असे सगळे एकाच वेळी जुंपले जाते. इतर वेळी ज्याचा मागमूसही लागत नाही, असा दोष इथे उघडा पडतो.

संगणक मंद असण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकात काम चाललेले असते आणि दुसऱ्यात ते अडलेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. विंडोजमधला टास्क मॅनेजर किंवा लिनक्समधला टॉप हा प्रोग्राम पहिला प्रकार चटकन दाखवतो. प्रोसेसरचा आलेख छताला टेकलेला असतो आणि सर्वांत जास्त खाणाऱ्या प्रोग्रामचे नाव यादीत वरती झळकते. दुसऱ्या प्रकारात हाच आलेख फसवतो. जी प्रोसेस कशाची तरी वाट पाहत थांबली आहे, ती प्रोसेसर वापरतच नाही. रांगेत उभ्या माणसाला घाम येत नाही, म्हणून रांग नाही असे म्हणायचे का? थांबलेल्यांची संख्या जितकी जास्त, तितका आलेख खाली येतो आणि यंत्र तितके ‘मोकळे’ दिसते.

म्हणून डॉसन यांनी कोण काम करतो आहे हा प्रश्न बाजूला ठेवला आणि कोण कशासाठी थांबला आहे, ते विचारले. त्याचे उत्तर देणारी नोंदयंत्रणा विंडोजमध्ये आधीपासून आहे. तिचे नाव ‘इव्हेंट ट्रेसिंग फॉर विंडोज’. कोणत्या कोअरवर कोणते काम कधी सुरू झाले, ते कधी थांबले, कशापाशी थांबले आणि त्याला पुन्हा जागे कोणी केले, याची ती क्षणाक्षणाची नोंद ठेवते. या नोंदी इतक्या भराभर साचतात की त्या कायम जपून ठेवणे परवडत नाही. त्यामुळे एक युक्ती केली जाते. नोंदी रॅमच्या ठरावीक जागेत गोल गोल लिहिल्या जातात, नवी नोंद सर्वांत जुनी पुसते, आणि हाताशी नेहमी शेवटचा थोडा काळ शिल्लक राहतो. त्रास जाणवला की एक कळ दाबायची आणि तेवढा काळ जतन करायचा.

हृदयाचे ठोके मधूनच चुकणाऱ्या रुग्णाला होल्टर मॉनिटर लावतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. दवाखान्यात दहा मिनिटांत काढलेल्या ईसीजीत ठोका चुकेलच असे नाही. यंत्र अंगावर असले की तो चुकेल तेव्हा कागदावर येतो. डॉसन पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येही होते आणि अशा नोंदी वाचणे हा त्यांच्या हातखंड्याचा विषय. नोंदी घेणे सोपे व्हावे म्हणून त्यांनी एक साधनही लिहून सर्वांसाठी खुले केले आहे. माउस अडकला, त्यांनी कळ दाबली, आणि मग निवांत बसून त्या एक-दोन सेकंदांत काय घडले ते वाचून काढले.

नोंदींत दिसले ते असे. बाण गोठला होता त्या काळात ढीगभर प्रोसेस बंद होण्याच्या मार्गावर होत्या. त्या सगळ्या विंडोजच्या गाभ्यातल्या एकाच कुलपापाशी खोळंबल्या होत्या.

हे कुलूप म्हणजे काय, यासाठी एखादे सरकारी कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. खिडक्या ४८, प्रत्येक खिडकीवर कारकून हजर, पण शिक्का मात्र सगळ्या कार्यालयात एकच. कागद कितीही खिडक्यांवर तयार झाले तरी शेवटी त्या शिक्क्यासाठी रांग लागणार. कारकून रिकामे बसलेले दिसतील आणि साहेब फेरी मारून म्हणतील, कामाचा ताण तर काहीच नाही. संगणकातही काही सामाईक याद्या अशा असतात की त्यांत एका वेळी एकानेच हात घालायचा. दोघांनी एकदम बदल केला तर यादी बिघडेल. म्हणून तिच्यावर कुलूप ठेवतात. ज्याच्याकडे किल्ली त्याने काम उरकायचे आणि किल्ली पुढच्याला द्यायची.

डॉसन यांच्या यंत्रावर प्रत्येक मरणारी प्रोसेस ही किल्ली घेऊन आपला पसारा आवरत होती. पसारा म्हणजे पडद्यावर चित्र काढण्यासाठी घेतलेली साधने. एकीला लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या एका अंशाएवढा, म्हणजे तसा नगण्यच. पण बांधणीत प्रोसेस घाऊक प्रमाणात मरतात. एकीने किल्ली सोडली की दुसरी जागी होते, तिने सोडली की तिसरी, आणि तोवर मागे आणखी दहा येऊन उभ्या राहतात. माउसचा बाण हलवण्याचे, खिडक्यांना कळांची आणि टिचक्यांची खबर देण्याचे कामही त्याच कुलपाशी बांधलेले होते. माणसाचा माउस त्या कंपायलरांच्या अंत्ययात्रेत मधेच कुठेतरी अडकून पडत होता.

कंपायलर पडद्यावर काहीच काढत नाही. मग त्याच्याकडे चित्रकलेची साधने कशी, हा प्रश्न इथे पडायला हवा. त्याचे उत्तर डॉसन यांना पुढच्या वर्षी सविस्तर मिळाले. ते शेवटी येईल.

संशयित सापडला म्हणून निदान झाले असे होत नाही. डॉसन यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचे काम एवढेच की १००० प्रोसेस सुरू करायच्या, मग त्या बंद करायच्या आणि दोन्हीला लागलेला वेळ मोजायचा. क्रोम नाही, कंपायलर नाही, फाइली नाहीत. हा प्रोग्राम वेगवेगळ्या यंत्रांवर चालवला, तेव्हा विंडोज ७ वर प्रोसेस बंद करण्याचे काम अनेक कोअर मिळून झपाट्याने उरकत होते. विंडोज १० वर तेच काम जणू एकाच कोअरचे यंत्र असल्यासारखे एकामागून एक होत होते. म्हणजे दोष जुना नव्हता, मधल्या काळात आलेला होता. शिवाय आता तो गूगलच्या अजस्र प्रकल्पाशिवाय, कोणाच्याही यंत्रावर, मागाल तेव्हा दाखवता येत होता. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना दुरुस्तीसाठी नेमके हेच हवे असते. ‘संगणक हळू चालतो’ या तक्रारीचे कोणी काही करू शकत नाही. ‘हा प्रोग्राम चालवा आणि हे दोन आकडे पाहा’ या तक्रारीकडे दुर्लक्ष करता येत नाही. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती आणली.

या गोष्टीतला सर्वांत बोचरा भाग वेगळाच आहे. यंत्र जितके ताकदवान, तितका हा त्रास जास्त. चार कोअरच्या साध्या यंत्रावर एका वेळी चारच कंपायलर चालणार, त्यामुळे मरणाऱ्यांची रांग छोटी. ४८ कामकरी असले की रांगही तशीच लांब. ‘आणखी कोअर घ्या’ हे औषध इथे रोग वाढवणारे होते.

जीन ॲम्डाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ सालीच यामागचे गणित मांडले होते. एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून घेता येत असेल आणि फक्त पाच टक्के भाग एकट्यानेच करावा लागत असेल, तर कितीही कामकरी लावले तरी वेग २० पटींच्या पुढे जात नाही. ४८ लावले तर जेमतेम १४ पट होतो. त्या पाच टक्क्यांत माउसचा बाणही अडकला तर काय होईल, हे काही ॲम्डालच्या सूत्रात नाही.

अर्थात, प्रत्येक मंद संगणकात विंडोजचे कुलूप शोधत बसणे म्हणजे प्रत्येक तापात दुर्मिळ आजार शोधण्यासारखे आहे. घरगुती आणि महाविद्यालयीन यंत्रांवर बांधणी रडत-रखडत चालण्याचे सर्वांत मोठे कारण आजही रॅमच आहे. मोठ्या प्रकल्पांची भूक अफाट असते. अँड्रॉइडची संपूर्ण प्रणाली बांधायची तर तिची अधिकृत कागदपत्रे आता किमान ६४ जीबी रॅम सांगतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर कोणी ती बांधायला जात नाही, पण मध्यम आकाराचा सी प्लस प्लस प्रकल्प घेऊन विद्यार्थी बसतात. लॅपटॉपला आठ कोअर असतात म्हणून बांधणीची व्यवस्था आठ कंपायलर एकदम सुरू करते. प्रत्येकाने एक-दीड जीबी मागितली की गणित कोलमडते.

रॅम संपली की लगेच काही कोसळत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधला सध्या न लागणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. स्वयंपाकघरात ओट्यावर जागा नसली की काही डबे माळ्यावर टाकावेत, तसेच हे. सणावाराची मोठी पातेली माळ्यावर असली तर काही बिघडत नाही. पण ओटा इतका लहान असेल की फोडणी करताना मोहरी काढायला माळ्यावर चढायचे, आणि मोहरी ठेवायला जागा हवी म्हणून हळद माळ्यावर टाकायची, आणि पुढच्याच क्षणी हळद हवी, तर स्वयंपाक राहतो बाजूला आणि दिवस शिडीवर जातो. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून आणायला त्याच्या हजारेक पट, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून लाखभर पट. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली ती शास्त्रशुद्धपणे समजावून दिली. एखाद्या प्रोग्रामला त्या-त्या वेळी प्रत्यक्ष लागणारा जो मजकूर असतो, त्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. चालू असलेल्या सर्व प्रोग्रामांचे असे संच मिळून रॅममध्ये मावत नसतील, तर आणखी प्रोग्राम सुरू केल्याने एकूण काम वाढत नाही, उलट कोसळते. त्या काळचे संगणक खोलीभर आकाराचे होते. नियम मात्र मांडीवरच्या लॅपटॉपलाही तसाच लागू आहे.

थ्रॅशिंगची खूण अशी की प्रोसेसरचा आलेख अर्ध्यावर आलेला, डिस्कचा दिवा अखंड लागलेला आणि खिडकी बदलायला मिनिट लागते. लिनक्सवर व्हीएमस्टॅट हा हुकूम दर सेकंदाला चालवला तर डिस्कवरून आत आणि बाहेर होणारी ही ने-आण दोन रकान्यांत स्वच्छ दिसते. ते रकाने शून्यावर असतील तर हा रोग नाही. सतत मोठे आकडे दिसत असतील तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही.

कधी कधी लिनक्सचा धीर सुटतो आणि सगळे यंत्र वाचवण्यासाठी तो सर्वांत खादाड प्रोसेसचा बळी देतो. बांधणीत ती बहुधा कंपायलरचीच असते. पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द असलेली त्रुटी येते आणि नवखा प्रोग्रामर आपल्या कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवतो. कोड निर्दोष असते. सिस्टिमच्या नोंदवहीत ‘आउट ऑफ मेमरी’ ही ओळ वाट पाहत असते, पण तिथे पाहायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर उपाय फुकटचा आहे. एका वेळी चालणाऱ्या कंपायलरांची संख्या कमी करायची. आठऐवजी चार, चारऐवजी दोन. हा उपायही आहे आणि चाचणीही. संख्या निम्मी केल्यावर बांधणी तेवढ्याच वेळात किंवा आधीपेक्षा लवकर संपली, तर अडचण प्रोसेसरची नव्हतीच हे सिद्ध झाले. लिंकरला तर प्रत्येकी काही जीबी लागू शकतात. म्हणून एलएलव्हीएम या प्रसिद्ध कंपायलर प्रकल्पात एका वेळी किती लिंकर चालवायचे, याची मर्यादा घालण्याची वेगळी सोयच करून ठेवलेली आहे.

सगळे कोअर खरोखरच राबत आहेत आणि तरीही माणसाच्या वाट्याला यंत्र येत नाही, असाही एक प्रकार आहे. त्याचा एक प्रसिद्ध दाखला लिनक्सचा. प्रोसेसरचा वेळ सर्व प्रोसेसमध्ये समान वाटायचा, हा लिनक्सचा तेव्हाचा नियम. ऐकायला न्यायाचा. पण कोणी एकाच वेळी ६४ कंपायलर सोडले आणि शेजारी एक व्हिडिओ लावला, तर व्हिडिओच्या वाट्याला पासष्टावा हिस्सा. पंगतीत पान माणशी एक न वाढता आडनावाला एक वाढावे, असे माइक गॅलब्रेथ यांनी २०१० साली सुचवले. एका टर्मिनलमधून सुटलेले सगळे कंपायलर मिळून एक गट, व्हिडिओचा दुसरा गट, आणि वाटणी गटांमध्ये. बदल जेमतेम २०० ओळींचा होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याचे उघड कौतुक केले आणि मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ या आवृत्तीत तो दाखल झाला. बांधणी तेवढीच चालत राहिली, पण माणसाला आपले यंत्र परत मिळाले.

विंडोजवर आणखी एक नेहमीचा अडथळा अँटिव्हायरसचा. बांधणी हजारो छोट्या फाइली उघडते आणि नव्या तयार करते. पहारेकरी प्रत्येकीची झडती घेतो. बांधणी सुरू असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव यादीत वरती येत असेल, तर वेळ तिकडे जातो आहे. ही अडचण मायक्रोसॉफ्टनेही ओळखली आणि २०२३ साली विंडोज ११ मध्ये ‘डेव्ह ड्राइव्ह’ नावाचा प्रोग्रामरांसाठीचा वेगळा कप्पा आणला. तिथे फाइल आधी उघडू दिली जाते आणि झडती मागाहून घेतली जाते. काही जण वैतागून अँटिव्हायरसच बंद करून टाकतात. ते चुकीचे आहे. सूट द्यायचीच तर फक्त स्वतःच्या प्रकल्पाच्या फोल्डरला द्यावी, डाउनलोड्सच्या फोल्डरला कधीच नाही.

आणि उष्णता. लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बांधणीची पहिली दोन-तीन मिनिटे झकास आणि मग ढिलाई, असे दर वेळी होत असेल, तर पंख्याच्या जाळीतली धूळ आधी पाहावी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपकडून फार अपेक्षा करू नये. लिनक्स तर अशा वेळी वेग घटवल्याची ओळ स्वतःहून नोंदवहीत लिहितो.

या सगळ्या आजारांत बाहेरचे लक्षण एकच, यंत्र मंद. म्हणून निदानाची दिशा थांबण्याकडून जायला हवी. हा विचार आता प्रणालींच्या आतही शिरला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.२० या आवृत्तीत फेसबुकच्या अभियंत्यांनी तयार केलेली ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही सोय आली. प्रोसेसर किती टक्के वापरात आहे, हे ती सांगत नाही. गेल्या दहा सेकंदांत, मिनिटात आणि पाच मिनिटांत कामे प्रोसेसरसाठी, रॅमसाठी आणि डिस्कसाठी किती टक्के वेळ ताटकळली, असे तीन वेगवेगळे हिशेब ती देते. रॅमचा आकडा चढलेला आणि प्रोसेसरचा शून्याजवळ, एवढे दिसले की निम्मे निदान तिथेच होते.

तरीही डॉसन यांच्यासारखी कुलपे या तीन हिशेबांत सापडत नाहीत. तिथे रॅम मुबलक, डिस्क मोकळी आणि प्रोसेसर रिकामा असतो. तिथे क्षणाक्षणाच्या नोंदी वाचण्याला पर्याय नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये डॉसन यांनी त्याच कुलपाविषयी पुन्हा लिहिले. या वेळी प्रश्न एलएलव्हीएमच्या चाचण्यांचा होता. त्या चालवताना हजारो छोटे प्रोग्राम सुरू होऊन बंद होतात, आणि विंडोजवर त्या रेंगाळत होत्या, माउसही पुन्हा अडखळत होता. पडद्याशी काही संबंध नसलेल्या प्रोग्रामांकडे चित्रकलेची साधने येतात कशी, याचा उलगडा तेव्हा पूर्णपणे झाला. हे प्रोग्राम हुकमाच्या ओळीचे शब्द वेगळे करण्यासारख्या किरकोळ कामासाठी विंडोजच्या ‘शेल ३२’ या सामाईक ग्रंथालयावर विसंबून होते. शेल ३२ आपल्याबरोबर चित्रकलेचे ग्रंथालय ‘जीडीआय ३२’ घेऊन येते. ते आले की प्रोसेसच्या नावावर आपोआप काही साधने चढतात, आणि मरताना ती परत करायची तर त्या कुलपाच्या रांगेत उभे राहावेच लागते. डॉसन यांच्या चाचणी-प्रोग्राममध्ये तर संबंधित फंक्शन एकदाही चालत नव्हते. ते नुसते यादीत असल्यामुळे प्रोसेसची सुरुवात आणि शेवट मिळून सुमारे पाच पट मंदावत होते. हे ग्रंथालय खरोखर गरज पडेपर्यंत उघडू नये, अशी सूचना लिंकरला देता येते. एलएलव्हीएमच्या बांधणीत ती सूचना त्याआधीच घातली गेली होती. त्यामुळे चाचण्यांचा वेळ उतरला.